जंगलालगतच्या घरातला वसंत: कुठे थांबायचं आणि कुठे लगेच हलायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. जंगलाला लागून असलेल्या घरात तुम्ही हिवाळ्यात राहायला आलात, तेव्हा सगळं शांत होतं. वसंत लागला आणि रोज काहीतरी नवं निघायला लागलं. एक पक्षी दिवसभर बैठकीच्या काचेवर चोच मारतोय, दुसरे दोन काचेवर आपटून पडले. व्हरांड्यातल्या दिव्यावर घरटं झालंय, अंगणात पिल्लू सापडलं, कुंपणाजवळच्या फांदीला मधमाश्यांचा घोस लटकलाय. छतात खुडबुड चालते, एका झाडाची पानं अळ्यांनी फस्त केली, आणि पहाटेच्या कलकलाटाने झोप होत नाही. घरात लहान मुलगी आहे, मांजर आहे. शेवटी तुम्ही विचारलंय, की यातल्या कशाकशात आपण पडायचं?

खरा प्रश्न हा शेवटचाच आहे. जखमी आणि अनाथ वन्यजीव सांभाळणाऱ्या केंद्रात मी बरीच वर्षं काम करते, आणि राहतेही जंगलाच्या कडेला. वसंतात आमच्याकडे आणल्या जाणाऱ्या पिल्लांपैकी कितीतरी अनाथ नसतातच. कुणीतरी कळवळून, त्यांच्या आईबापांच्या देखत उचलून आणलेली असतात. म्हणून काहीही घडलं की मी आधी एकच गोष्ट तपासते: आत्ता हात लावला नाही तर कुणाचं नुकसान होईल का? तुमच्या यादीतल्या बहुतेक गोष्टी काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत आपोआप मिटणाऱ्या आहेत. मोजक्या गोष्टींना मात्र तासाभराचाही उशीर चालत नाही. त्या ओळखता आल्या की निम्मी धावपळ कमी होते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगते. तुमच्याकडे वसंत म्हणजे बर्फ वितळून फुटणारी पालवी, की पानगळीनंतरचं कोरडं ऊन, यावर आगीची काळजी किती करायची ते ठरतं. मधमाश्या कुठल्या जातीच्या आहेत, तुमच्या भागात गोचिडींमुळे कोणते आजार होतात, विषारी साप कोणते आहेत, हे तिथल्याच जाणकाराला विचारावं लागेल. आणि कायदा पाहावा लागेल. अंडी किंवा पिल्लं असलेलं वन्य पक्ष्याचं घरटं हलवणं अनेक देशांत गुन्हा आहे. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, ब्रिटनमध्ये १९८१ चा, अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांसाठी १९१८ चा. तपशील वेगळे आहेत, पण घरट्याला हात लावण्याआधी विचारून घ्यावं, हे तिन्हीकडे लागू आहे.

आता पिल्लाबद्दल, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. जमिनीवर पिल्लू दिसलं की आधी लांबूनच त्याच्या अंगावर पिसं आहेत का ते बघा. अंगभर पिसं, आखूड शेपटी, टुणटुण उड्या, डोळे टक्क उघडे, असं असेल तर ते पडलेलं नाही, घरटं सोडून बाहेर आलेलं आहे. बऱ्याच जातींची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात आणि काही दिवस जमिनीवर, झुडपांत, खालच्या फांद्यांवर काढतात. आईबाप या काळात त्यांना तिथेच भरवतात. भरवायला येतात ते काही क्षणांसाठी, आणि माणूस जवळ उभा असेल तर येतच नाहीत. तासभर पिल्लाशेजारी उभं राहून ‘कुणीच आलं नाही’ म्हणणाऱ्या माणसामुळेच ते आलेले नसतात. घरात जा, पडद्याआडून बघा. पिल्लू रस्त्यावर किंवा उघड्या फरशीवर असेल तर उचलून तिथेच चार पावलांवरच्या झुडपात ठेवा. त्याहून लांब नेऊ नका, आईबाप आवाजावरून त्याला शोधतात.

पिसं नसतील, किंवा नुसते कोंब फुटलेले असतील, तर ते पिल्लू खरंच पडलंय. ते घरट्यात परत ठेवा. माणसाचा वास लागला की पक्षी पिल्लू टाकतात, ही समजूत चुकीची आहे. पिल्लावर इतकी मेहनत केलेले आईबाप तेवढ्यासाठी त्याला सोडत नाहीत. घरटंच मोडलं असेल तर तळाला भोकं असलेली लहान टोपली किंवा डबा घ्या, आत सुकं गवत घाला आणि मूळ जागेच्या शक्य तितक्या जवळ घट्ट बांधा. मग पुन्हा लांबून बघा. बहुतेक वेळा आईबाप ती जागा स्वीकारतात.

या सगळ्यात दोन गोष्टी अजिबात करू नका. तोंडात पाणी सोडू नका. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते, त्यामुळे ड्रॉपरने सोडलेला थेंब सहज फुप्फुसात जातो. आणि दूध पाजू नका. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. गारठलेल्या पिल्लाला खाण्याच्या आधी ऊब लागते. थंड शरीरात अन्न पचतही नाही.

पिल्लू उचलून आणलंच पाहिजे अशा वेळा मोजक्या आहेत. रक्त दिसतंय, पंख लोंबतोय, अंगावर माश्यांची पांढरी अंडी आहेत, पिल्लू गार आणि मलूल पडलंय, आईबाप मेलेले दिसलेत, किंवा मांजराने तोंडात धरलं होतं. हे शेवटचं कारण लोक नेहमी सोडून देतात, कारण बाहेरून ओरखडाही दिसत नाही. पण मांजराच्या लाळेत आणि दातांवर असे जिवाणू असतात, की टाचणीएवढ्या जखमेतूनही पक्ष्याला जंतुसंसर्ग होतो आणि तो एक-दोन दिवसांत दगावू शकतो. त्याला प्रतिजैविक लागतं, तेही लवकर. म्हणून मांजराच्या तोंडून सुटलेला पक्षी धडधाकट दिसला तरी उपचार केंद्रात न्या. झाकणाच्या, भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांततेत न्या. मुलीला दाखवायला झाकण पुन्हा पुन्हा उघडू नका. आपल्याला वाटतं तो शांत बसलाय, पण शिकाऱ्यासमोर आल्यासारखा तो भीतीने गोठलेला असतो.

सस्तन प्राण्यांचं गणित आणखी वेगळं. हरणाची मादी पाडसाला गवतात लपवून मुद्दाम लांब जाते. पाडसाला वास फारसा नसतो आणि ते हलत नाही, हेच त्याचं संरक्षण. सशाची मादी तर पिल्लांना बहुधा दिवसातून एकदाच पाजते. म्हणजे एकटं दिसणं हीच या पिल्लांची नेहमीची अवस्था आहे. कुत्र्याला दोरी लावा, मुलीला लांब ठेवा आणि तिथून निघून या.

मांजराचं मात्र ठरवावंच लागेल. निदान पिल्लांच्या दिवसांत तिला घरातच ठेवा. अमेरिकेत मांजरं वर्षाला १३० कोटी ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ साली मांडला गेला होता. गळ्यातली घंटा उडत्या पक्ष्याला कदाचित वाचवेल, पण उडता न येणाऱ्या पिल्लाला तिचा काय उपयोग? मांजर लाडकी असते, पोटभर खाल्लेली असते, तरी शिकार करतेच. तिचा दोष नाही, पण दार आपल्या हातात आहे.

काचेचे तुमचे प्रश्न दोन आहेत आणि ते एकमेकांपासून वेगळे आहेत. दिवसभर चोच मारणारा पक्षी बहुधा नर आहे. त्याला काचेत आपल्याच हद्दीत घुसलेला दुसरा नर दिसतोय. विणीच्या हंगामात त्याच्या अंगात हा जोर असतो आणि काही आठवड्यांत ओसरतो. तो सहसा मरत नाही, पण दमतो, आणि घरट्याकडे द्यायचा वेळ काचेवर घालवतो. प्रतिबिंब बाहेरून मोडा: त्या भागावर बाहेरच्या बाजूने कागद, जाळी किंवा साबणाचा दाट फेस लावून वाळू द्या. आतून पडदा ओढून भागत नाही, उलट काच जास्तच आरशासारखी होते. तो गाडीच्या आरशावर जात असेल तर आरशाला पिशवी घाला.

आपटणारे पक्षी ही जास्त गंभीर गोष्ट आहे. त्यांना काच दिसतच नाही. त्यांना काचेत झाडं आणि आकाश दिसतं आणि ते पूर्ण वेगाने तिकडे उडतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेत वर्षाला ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी इमारतींवर आपटून मरतात असा अंदाज दिला होता. आपल्याला वाटतं हा प्रश्न काचेच्या उंच मनोऱ्यांचा आहे. पण त्या अंदाजात सुमारे ४४ टक्के मृत्यू एक ते तीन मजली राहत्या घरांमुळे होते. जंगलासमोरची मोठी खिडकी त्यातलीच.

उपाय स्वस्त आहे, पण नीट करावा लागतो. खिडकीच्या मधोमध एक ससाण्याचं चित्र चिकटवलं की काम झालं असं लोक समजतात. पक्षी ते चित्र चुकवतात आणि त्याच्या बाजूच्या मोकळ्या काचेवर आपटतात. खुणा संपूर्ण काचेवर हव्यात, दोन खुणांमध्ये आडवं-उभं ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको, आणि त्या बाहेरच्या बाजूला हव्यात. ठिपके असोत, रंगाच्या रेघा असोत, वरून सोडलेल्या दोऱ्या असोत, चालतं. पक्ष्यांसाठी दाणे ठेवत असाल तर ते काचेपासून एक मीटरच्या आत ठेवा, म्हणजे उडताना त्यांना जीवघेणा वेग घेता येत नाही. नाहीतर दहा मीटरच्या पलीकडे न्या. मधलं अंतर सगळ्यात वाईट.

आपटून पडलेला पक्षी अलगद खोक्यात ठेवा, पाणी-दाणे काही नको. दर अर्ध्या तासाने खोकं बाहेर नेऊन झाकण उघडा. शुद्धीवर आला असेल तर उडून जाईल. दोन तासांत गेला नाही, किंवा मान वाकडी राहिली, तर उपचार लागतील.

व्हरांड्यातल्या दिव्यावरच्या घरट्याला आता धक्का लावू नका. आधी दिव्याची कळ बंद करून तिच्यावर चिकटपट्टी लावा. तापणाऱ्या दिव्यावर सुकं गवत म्हणजे पिल्लांना धोका आणि घरालाही. लहान पक्ष्यांत अंडी उबवायला साधारण दोन आठवडे आणि पिल्लं उडायला आणखी दोन ते तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस शक्य असेल तर दुसरं दार वापरा. पिल्लं पिसं धरून घरट्याच्या काठाशी येऊन बसली की जवळ जाऊन फोटो काढायचा मोह टाळा, कारण घाबरून ती वेळेआधीच उडी टाकतात. सगळी उडाल्यावर थोडे दिवस थांबा, काही जाती लगेच दुसरी वीण घालतात. मग घरटं काढून दिव्यावर उतरतं झाकण बसवा, म्हणजे पुढच्या वर्षी तिथे बूड टेकणार नाही. झाडांची छाटणी, वळचणीची डागडुजी, भोकं बुजवणं, रंगकाम या सगळ्या कामांना हेच लागू आहे. कामं करायला हरकत नाही, फक्त ती वीण सुरू होण्याआधी किंवा संपल्यावर करायची.

छतातल्या खुडबुडीतही हीच अडचण आहे. या दिवसांत तिथे पिल्लं असण्याची शक्यता मोठी. भोक आज बुजवलंत तर आई बाहेर आणि पिल्लं आत. वटवाघळांच्या पिल्लांना जन्मानंतर काही आठवडे उडता येत नाही. ती आत मेली तर वास आणि माश्या तुमच्याच वाट्याला. आणि काहीही असलं तरी उघड्या हाताने धरू नका. वटवाघूळ किंवा कुठलाही वन्य सस्तन प्राणी चावला किंवा त्याने ओरबाडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की उपचार जवळपास नाहीच, लस त्याआधीच घ्यावी लागते. हे थांबून बघण्याचं काम नाही.

मधमाश्यांचा घोस पाहून तुम्ही घाबरलात, ते साहजिक आहे. पोकळीत राहणाऱ्या मधमाश्यांची वसाहत वसंतात भरभराटीला आली की दुभागते. जुनी राणी निम्म्याहून जास्त माश्या घेऊन बाहेर पडते आणि जवळच्या फांदीवर थांबते. तिथून टेहळणी माश्या नवी जागा शोधायला जातात आणि परत येऊन घोसावर नाचून तिचा पत्ता सांगतात. मधमाश्यांचे अभ्यासक मार्टिन लिंडाउअर यांनी १९५० च्या दशकात हे उलगडलं, पुढे दुसरे अभ्यासक थॉमस सीली यांनी दाखवलं की वेगवेगळ्या जागांसाठी नाचणाऱ्या माश्यांची अक्षरशः चढाओढ लागते आणि पुरेशा माश्या एका जागेवर जमल्या की निर्णय होतो. साधारण ४० लिटरची पोकळी त्यांना पसंत पडते. हे सगळं काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत आटोपतं. या माश्यांचं पोट मधाने भरलेलं असतं आणि राखायला घर नसतं, त्यामुळे त्या सहसा शांत असतात. लांब राहा. पाणी मारू नका, धूर करू नका, औषध फवारू नका. जवळच्या मधपाळाला कळवलंत तर तो आनंदाने घेऊन जाईल.

मात्र हे पोकळीत राहणाऱ्या माश्यांचं झालं. आशियात आढळणारी आग्या माशी उघड्यावर मोठं पोळं बांधते आणि डिवचली तर शेकड्यांनी मागे लागते. घोसाच्या जागी मेणाचं पोळं लटकताना दिसत असेल, किंवा माशी नेहमीच्या मधमाशीपेक्षा बरीच मोठी असेल, तर मुलीला अंगणाच्या त्या बाजूला जाऊच देऊ नका आणि माहीतगाराला बोलवा.

अळ्यांवर फवारणी करू का, याला माझं उत्तर ठाम ‘नको’ असं आहे. उत्तर अमेरिकेतल्या चिकडी या चिमुकल्या पक्ष्याच्या जोडीला एक वीण वाढवायला ६,००० ते ९,००० अळ्या लागतात असं मोजलं गेलंय. एरवी दाणे खाणारे बरेच पक्षीही पिल्लांना किडेच भरवतात. तुमच्या दिव्यावरच्या घरट्यातली पिल्लं बहुधा त्याच झाडावर पोसली जातायत. निरोगी झाड एका हंगामात पानं गमावून पुन्हा पालवतं. केसाळ अळ्यांना हात लावू नको एवढं मुलीला शिकवा, त्यांच्या केसांनी कातडीला आग होते.

तुम्ही विचारलं नाही, पण पालापाचोळ्याबद्दल सांगायलाच हवं. सगळा पाचोळा झाडून लख्ख करावा, की किड्यांसाठी तसाच ठेवावा? दोन्ही बाजूंचे लोक हट्टाने बोलतात. मी अंतरावरून ठरवते. भिंतीपासून दीड मीटरपर्यंत पेटेल असं काहीही नको, छतावर आणि पन्हळीत तर नकोच. वणव्यात घरं पेटतात ती बऱ्याचदा ज्वाळांनी नाही, तर वाऱ्यावर उडत येऊन सुक्या पाचोळ्यात पडलेल्या ठिणग्यांनी. सरपणाची रास घरापासून नऊ-दहा मीटर लांब हवी. त्याने दुसराही फायदा होतो. रासेत उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप, ते मग भिंतीशी येत नाहीत. या पट्ट्याच्या पलीकडे पाचोळा राहू द्या. त्यात असंख्य किडे आणि कोष असतात. आणि झाडलेला ढीग पेटवू नका, कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत तर मुळीच नाही.

साप दिसला तर त्याला वाट द्या, नजर ठेवा, सर्पमित्राला बोलवा. चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही नको. हात-पाय हलू न देता थेट प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्या.

गोचीड मला सापापेक्षा जास्त काळजीची वाटते, कारण ती दिसत नाही. ती गवताच्या टोकावर बसून जाणाऱ्याची वाट बघते. मुलगी बाहेरून आली की काखा, मांड्यांचे सांधे, कानामागे, केसांत रोज तपासा. बाहेर जाताना फिकट रंगाची लांब पँट घालून ती मोज्यांत खोचा. चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढा. चटका देणं, तेल किंवा मलम फासणं नको. युरोप-अमेरिकेतल्या लाइम रोगाचे जिवाणू अंगात उतरायला साधारणपणे २४ तासांहून जास्त लागतात, त्यामुळे त्याच दिवशी काढलेली गोचीड बहुधा निरुपद्रवी ठरते. विषाणूंच्या बाबतीत तेवढा वेळ मिळेलच असं नाही. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलातून माहीत झालेला माकडताप त्यातलाच. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना ‘गोचीड चावली होती’ हे आठवणीने सांगा.

पहाटेच्या कलकलाटावर इलाज थोडाच आहे. नर सूर्योदयाच्या तासभर आधीपासून हद्द आणि जोडीसाठी गातात, आणि वीण पुढे सरकली की हा जोर कमी होतो. अंगणातले दिवे रात्रभर चालू असतील तर ते बंद करा. कृत्रिम प्रकाशात काही जाती आणखी लवकर सुरुवात करतात.

छतातल्या प्राण्याबद्दल नेमकं सांगायला मला आणखी थोडी माहिती लागेल. आवाज संध्याकाळी अंधार पडताच येतो की मध्यरात्री, पळण्याचा आहे की चिवचिवण्याचा, खाली लेंड्या पडतात का, आणि येण्याजाण्याचं भोक किती मोठं आहे, हे दोन-तीन दिवस टिपून ठेवा. तोवर ते भोक उघडंच राहू द्या.